बिनफोडणीचं घर

वाडगा धुताना पाणी त्याला धरेना. रोहिदासने नळ मोठा केला, वाडगा तिरका केला, तरी पाणी सरळ ओघळून जाईना. थेंबाथेंबाने गोळा होऊन आतल्या बाजूने घरंगळायला लागलं. त्याने आतून बोट फिरवलं. बोट घसरलं. मग अंगठा त्या बोटावर घासून पाहिला, नाकाशी नेला, आणि मोरीपाशी तसाच उभा राहिला. ह्याच वाडग्यात त्याने आत्ता सॅलड खाल्लं होतं. उकडलेला पास्ता, काकडी, गाजर, सिमला मिरची, मक्याचे दाणे, वर साय काढलेलं दही आणि लिंबू. बाकी काही नाही. दीड महिना ह्या घरात तेलाची पिशवी आली नव्हती. होती ती फोडलेली पिशवी त्याने पहिल्याच दिवशी शेजारच्या गौराबाईला देऊन टाकली होती, शेंगदाण्याचा डबासुद्धा. आणि वाडगा तेलकट होता. दुसरा कोणी असता तर साबण लावून मोकळा झाला असता. पण रोहिदास मूळचा कडावचा, आणि कडावला कुणाचीही हळद असो, मटणाच्या टोपाला फोडणी द्यायची ती रोहिदासनेच, असा गेली कितीतरी वर्षं शिरस्ता. साजगावच्या कारखान्यातून रजा टाकून तो जायचा. तेल किती तापलं हे त्याला वासावरून कळायचं, आणि तेल लागलेलं भांडं त्याला अंधारातही ओळखता आलं असतं. नळ बंद करायचं त्याला सुचलं नाही.

आणि निकाल कालच लागला होता. मुंबईच्या हॉस्पिटलात, जिथे त्याचा एकुलता एक मुलगा साईराज दिवाळीपासून पडून होता आणि नंदा, त्याची बायको, जवळच्या धर्मशाळेत राहून त्याच्या उशाशी बसत होती, तिथे काल रोहिदासची दुसऱ्यांदा तपासणी झाली. साईराजची लिव्हर त्याच्या स्वतःच्याच रक्ताने खाऊन टाकली होती. असा आजार असतो, हे डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. औषधं देऊन झाली होती. आता रक्ताच्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा, एवढाच मार्ग उरला होता. नंदाचा रक्तगट जुळला नाही. ती त्या दिवशी भिंतीला टेकून खाली बसली होती आणि उठायलाच तयार नव्हती. रोहिदासचा जुळला. जुळला म्हणताच त्याने शर्टाची बटणं सोडायला घेतली, तेव्हा नर्स हसली होती. मग पहिल्या तपासणीत निघालं की त्याच्या लिव्हरमध्ये चरबी आहे, आणि एवढी चरबी असलेला तुकडा मुलाला लावता येत नाही. "पिता का तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं. तो नाही म्हणाला. "खरं सांगा," डॉक्टर म्हणाले. आता काय सांगायचं? हळदीच्या दिवशी सगळा मांडव झिंगलेला असताना हा एकटा शुद्धीवर, म्हणून तर टोप ह्याच्या हवाली. पण टोपाशी बसणारा उपाशी थोडाच राहतो? मीठ बघायला एक वाटी, तिखट बघायला दुसरी, आणि वर तरंगणारी लाल तर्री तर फोडणी देणाऱ्याच्या हक्काची. लोक पाठीवर थाप मारून म्हणायचे, रोहिदास, बोटं चाटायला लावलीस बाबा. ती बोटं आता अशी वसूल होत होती. दीड महिना तेल, तूप, तळलेलं सगळं बंद, रोज चालायचं, मग पुन्हा बघू, असं ठरलं. त्याने पाळलं. पोट आत गेलं, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, कारखान्यात पोरं विचारायला लागली की काका, आजारी आहात का? आणि काल डॉक्टर म्हणाले, "कमी झाली आहे, पण हवी तेवढी नाही. अजून महिनाभर असंच चालू ठेवा." साईराज महिनाभर थांबेल का, हे रोहिदासने विचारलं नाही. डॉक्टरांनीही सांगितलं नाही. दोघंही टेबलावरच्या रिपोर्टाकडे बघत राहिले.

पास्त्याचं खूळ साईराजचंच. आहार सांगणाऱ्या बाईने उकडलेल्या भाज्या खायला सांगितल्या, तेव्हा रोहिदासने पहिले चार दिवस नुसता दुधी उकडून खाल्ला होता, डोळे मिटून, एरंडेल घेतात तसा. ते फोनवर बघून साईराज म्हणाला, "पप्पा, असं नका खाऊ. बघवत नाही. मी सांगतो तसं करा." तो खोपोलीला कॉलेजात असताना मित्रांबरोबर हॉटेलात पास्ता खायचा, घरी येऊन आईकडे तोच मागायचा आणि नंदा त्यात गोडा मसाला घालायची. आता हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या तो बापाला शिकवायला लागला. इथे ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेला फोन, त्यात साईराजचा पिवळा चेहरा, आणि समोर कमरेला टॉवेल खोचून उभा असलेला बाप. "पाणी आधी खळाखळा उकळू द्या. मग पास्ता." "किती शिट्ट्या?" "शिट्ट्या नाही हो! उघड्या पातेल्यात. मधेच एक काढून चावून बघा. मध्यावर जरासा कच्चा लागला की उतरवा." "आन् तेल नाय घातलं तर चिकटंल ना रं?" "गाळून लगेच थंड पाण्याखाली धरा. नाही चिकटत. वरून लिंबू." रोहिदासने बाजारातून आणला होता तो पिळाचा पास्ता. त्याने त्यातला एक उचलून फोनसमोर धरला आणि म्हणाला, "ह्याला तर स्क्रूसारखे थ्रेड पाडल्यात. आमच्या मशीनवर ह्याच्यापेक्षा साफ पडतात." साईराज हसला. इतका हसला की त्याला ठसका लागला, नंदाचा हात आला आणि फोन बाजूला झाला. तेव्हापासून रोज संध्याकाळी तोच कार्यक्रम. रोहिदासने सिमला मिरची चिरायची, गाजराच्या काड्या करायच्या, मके सोलून दाणे वाफवायचे, दही फडक्यात टांगून घट्ट करायचं, त्यात मिरपूड आणि पुदिना. मग साईराजसमोर बसून खायचं. साईराजला स्वतःला मिठाशिवायची पेज आणि मोजून पाणी. तो बापाचा एक एक घास बघायचा आणि म्हणायचा, "पूर्ण संपवा. वाडगा दाखवा." लहानपणी ह्याच पोरापुढे रोहिदास ताट घेऊन घरभर फिरायचा, कावळा दाखवायचा, मांजर दाखवायचा. आता पोर त्याला वाडगा दाखवायला लावत होतं. आयुष्य उलटंपालटं होतं म्हणतात ते असं, आणि त्यातही रोहिदासला सुख वाटायचं हे खोटं नाही. सगळ्या दिवसात तेवढी एकच गोष्ट त्याच्या हाताने होण्यासारखी होती.

त्याची आई सोनाबाई कडावहून आली ती पथ्य सुरू झाल्यावर, नंदा मुंबईतच अडकली म्हणून. माझ्या पोराला कोण रांधून घालणार म्हणत पिशवी घेऊन दारात उभी. पहिल्याच संध्याकाळी तिने वाडग्यात डोकावून पाहिलं. "ह्ये काय रं?" "पास्ता. सॅलड म्हणतात." "हळद नाय?" "नाय." "फोडणी नाय?" "डॉक्टरनं तेल बंद केलंय आई, तुला सांगितलं ना." ती हळूच म्हणाली, "ह्ये तर सुतकाचं जेवाण. जित्या पोराचं सुतक धरतोस काय रं? त्यो तिकडं खाटंवर, आन् तू हितं बिनफोडणीचं खातोस? आसं करू नाय." रोहिदासला हसू आलं होतं. तो म्हणाला, "आई, पोपटीत कुठं तेल असतं? वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, सगळं मडक्यात घालून भाजतो, तेलाचा थेंब नाय, पाण्याचा थेंब नाय. ती काय सुतकाची होते?" "पोपटीला भांबुर्ड्याचा पाला असतो," म्हातारी म्हणाली, "जाळ असतो, भवती माणसं असतात. तुझ्या ह्या वाडग्याला काय हाय?" मागच्या थंडीत कडावच्या शेतात, भात कापून रिकाम्या झालेल्या खाचरात, साईराजने स्वतः मडकं लावलं होतं, मित्रांना बोलावलं होतं, आणि धूर डोळ्यांत गेला म्हणून आजीच्या पदराला डोळे पुसले होते. तेव्हाच त्याचे डोळे पिवळट होते का? जाळाच्या उजेडात सगळ्यांचेच डोळे पिवळे दिसत होते. रोहिदास हे पुन्हा पुन्हा आठवून बघायचा आणि प्रत्येक वेळी ते डोळे अधिक पिवळे होत जायचे.

पण म्हातारीचं म्हणणं वेडगळ आहे असं तो मनातसुद्धा पूर्ण म्हणू शकला नव्हता. त्याचा बाप गेला तेव्हा तो दुसरीत होता. बापाचा चेहरा आता नीटसा आठवत नाही, पण त्या तेरा दिवसांचं जेवण आठवतं. पांढरा भात, पांढरी डाळ, उकडलेला भोपळा. हळद नाही, मोहरी नाही. चुलीवर भांडं चढायचं पण घराला वास यायचा नाही. एवढ्याशा त्याला वाटायचं, बाप गेला म्हणजे वास गेला. तेराव्याला मामा आले, त्यांनी स्वतःच्या हाताने कढई ठेवली, तेल ओतलं आणि मोहरी टाकली. मोहरी तडतडली आणि आई, जी इतके दिवस खांबाला टेकून मुक्यासारखी बसली होती, पहिल्यांदा मोठ्याने रडली. बायका म्हणाल्या, बरं झालं, मोकळी झाली, सुतक फिटलं. मग सगळ्यांना वाढलं. म्हणजे म्हातारीच्या लेखी मरण घरातून जातं ते मोहरी तडतडली की. आणि बिनफोडणीचं ताट जिथे पडतं, तिथे ते दाराबाहेर चपला काढून बसलेलंच असतं. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ते तिने अंगावर घेतलेलं होतं. त्यातून एकदा जिन्यात गौराबाई भेटली. भिसेगावात ह्या बिल्डिंगीत राहायला आल्यापासूनची शेजारीण, मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. सोनाबाई आणि रोहिदास दोघंही समोर असताना तिने विचारलं, "अवो, तुमच्याकडं कुणी गेलं का? लय दिस झाले, घरातनं फोडणीचा वास नाय, म्हणून इचारलं." म्हातारी तिथेच पायरीवर बसली. रोहिदासने तिला दंडाला धरून वर आणलं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही, आणि साईराज फोनवर आजी, आजी म्हणत राहिला तरी समोर आली नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तिनेच म्हटलं होतं, तू कामावरून दमून येतोस, डॉक्टरनं चालायला सांगितलंय, तर तू जा नदीकडं, त्या पिळाच्या नळ्या मी उकडून ठेवीन, तू सांगशील तशाच. रोहिदासला भरून आलं होतं. त्याने तिला सगळं दाखवलं, कधी टाकायचा, कधी चावून बघायचा. तिला दात नाहीत म्हणून तिने तो बोटांनी दाबून बघायची रीत काढली आणि चांगली साधली. तो उल्हास नदीच्या कडेने चालून यायचा तोवर खिडक्या सताड उघड्या, घरात उदबत्तीचा धूर, आणि झाकल्या पातेल्यात पास्ता तयार असायचा, मोकळा, एकाला एक न चिकटलेला. इतका मोकळा त्याच्या हातून कधी झाला नव्हता. म्हातारी वळली, असं त्याने नंदाला फोनवर कौतुकाने सांगितलं होतं. दही, भाज्या घालून खाताना जिभेवर मागाहून किंचित कडवट काहीतरी राहायचं. त्याला वाटायचं पुदिना जून आहे. खाऊन झालं की आई वाडगा हातातून ओढून घ्यायची. तुझ्या बापानं कधी वाडगा धुतला व्हता का, म्हणायची. आज ती गौराबाईकडे बसायला गेली होती, कालचा निकाल ऐकल्यापासून तिला घर खायला उठत होतं, म्हणून वाडगा त्याच्या हातात राहिला. नळ अजून वाहतच होता. त्याने तो बंद केला. चहाची गाळणी हुकाला अडकवलेली होती; ती काढून त्याने वास घेतला. चहाचा नव्हता. पिठाच्या डब्यामागे फोडणीची पळी होती, जी त्याने स्वतः माळ्यावर टाकली होती. घासून लख्ख केलेली, पण बूड नव्याने काळं झालेलं. मग तो देव्हाऱ्यापाशी गेला. दिव्याच्या तिळाच्या तेलाची बाटली अर्ध्यावर आली होती. आठवड्यापूर्वीच आणली होती त्याने. त्याच्या आधीची तर त्याहून लवकर संपली होती. दुकानात पैसे देताना त्याला वाटलं होतं, म्हातारी नातवासाठी जास्त वेळ दिवा लावते वाटतं. पण दिवा तर संध्याकाळीच लागायचा, आणि जेवणाआधी विझायचा. घरातलं सगळं तेल त्याने बाहेर काढलं होतं, फक्त देवाचं तेवढं त्याच्या लक्षात आलं नव्हतं. ते तेल असतं असंच कधी वाटलं नव्हतं.

म्हणजे ती रोज, तो नदीकडे गेला की, देवाचं तेल तापवत होती, त्यात मोहरी तडतडवत होती, मोहरी गाळून काढत होती आणि ते तेल त्याच्या पास्त्यावर ओतत होती. तो फोनसमोर बसून, पोराच्या डोळ्यांत बघत, ते खात होता. वाडगा दाखवा, पोर म्हणायचं, आणि तो वाडगा उलटा करून दाखवायचा. रोहिदास स्वयंपाकघरात जमिनीवरच बसला. संताप आला, असा की हातातली बाटली भिंतीवर फोडावी आणि गौराबाईच्या दारात जाऊन म्हातारीला सगळ्यांसमोर विचारावं, काय केलंस हे? माझ्या पोराचा घास माझ्याच ताटात घालून मला चारलास? पण संताप आला तसा लगेच ओसरायलाही लागला, आणि त्याच्या जागी जे आलं ते त्याहून वाईट होतं. किती तेल? रोज एक पळी? पळीभर तेलाने आकडा अडतो का? डॉक्टरला विचारता येईल, पण विचारायचं कसं? आणि डॉक्टर म्हणाले, नाही, एवढ्याने काही होत नाही, तर मग राहिलं कोण? वीस वर्षांची तर्री. आणि डॉक्टर म्हणाले, हो, ह्यानेच झालं, तर मग म्हातारी. ह्या दोन्हींतलं कुठलंही उत्तर घेऊन घरी परत येता येण्यासारखं नव्हतं. आणि तिसरी एक गोष्ट होती, जी त्याने कालपासून स्वतःपासूनही दाबून ठेवली होती. काल डॉक्टर 'हवी तेवढी नाही' म्हणाले, तेव्हा सगळ्यात आधी, पोराचा चेहरा डोळ्यांसमोर यायच्याही आधी, त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. क्षणभरच. कापणार नाहीत. छातीखालून आडवं कापतात, आठ-दहा तास लागतात, देणारासुद्धा कधी कधी उठत नाही, हे सगळं त्याने मुकाट्याने ऐकून सही केली होती आणि रोज चालताना त्याचे पाय नदीच्या वाटेवर त्याच भीतीने जड व्हायचे. त्याच्या आत कुणीतरी एकजण होता ज्याला पास व्हायचंच नव्हतं. तो एकजण काल हळूच हसला, आणि रोहिदासने त्याला हसताना पाहिलं. आता म्हातारीचं तेल सापडलं तर तोच पुन्हा उठून म्हणत होता, बघ, तुझा दोष नाही. तू पाळलंस. तुझ्या आईने केलं. ह्या निर्दोष माणसाची रोहिदासला इतकी किळस आली की त्याने भिंतीला डोकं टेकलं.

दार वाजलं. सोनाबाई आली, चपला काढल्या, पाय धुतले, आणि जमिनीवर बसलेल्या मुलाकडे बघून म्हणाली, "जेवलास का रं?" तो हो म्हणाला. तिने मोरीत बघितलं. वाडगा तिथे उपडा होता. तिने कापूस घेतला आणि देव्हाऱ्यापुढे बसून वाती वळायला लागली. तिची बोटं वाकडी झाली होती, पण वात सरळ निघत होती. रोहिदास तिच्याकडे बघत होता. बोलायला तोंडात वाक्य तयार होतं, आई, तू पास्त्यात तेल घालत होतीस का, एवढंच. साधं वाक्य. त्याने ते एकदा उचललं, पुन्हा ठेवलं. हो म्हणाली तर पुढचं वाक्य कुठलं? तुझ्यामुळे गेला? अजून गेलाही नव्हता. त्याला दिसलं, ते ऐकल्यावर ती परत खांबाला टेकून बसेल, आणि ह्या वेळी कुणी मामा येऊन कढई ठेवायचा नव्हता.

फोन वाजला. नंदा होती. आज रोजच्या वेळेला फोन लागला नव्हता, म्हणून तो एकटाच जेवला होता. तिने साईराजला दाखवलं नाही, नुसता आवाज. "त्याला आत हलवलाय," ती म्हणाली. "आयसीयूत. दुपारपासनं झोपूनच हाय. हाक मारली की डोळे उघडतो. मला ओळखलं नाय. मला नर्स समजून पाणी मागितलं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"वाट बघा म्हणतात. दुसरं कोण मिळतंय का ते बघतायत. तसं मिळत नाय लवकर." ती थांबली. मागे कुठलं तरी मशीन एकसारखं टिकटिकत होतं. "मला एक सांगा. खरं सांगा. मगाशी मी डॉक्टरना विचारलं, एवढं पाळून का नाय झालं. ते म्हणाले, दीड महिना नीट पाळलं तर बऱ्याच जणांचं होतं. बऱ्याच जणांचं होतं म्हणाले. तुमी पाळलंत ना?"

आईने वात वळायची थांबवली होती. ती त्याच्याकडेच बघत होती, डोळ्यांत काळजी, दुसरं काही नाही. तिला कशाचा म्हणजे कशाचा संशय नव्हता. रोहिदासला वाटलं, खोटं बोलायला आपल्याला वेळ लागेल. लागला नाही. शब्द जिभेवर येऊन बसलेलेच होते, बहुतेक कालपासून.

"नाय पाळलं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"कामावरून येताना वडे खायचो. स्टेशनाभाईर. बऱ्याचदा. भूक सोसवायची नाय."

नंदा ओरडेल, शिव्या देईल, ह्याची तो वाट बघत होता. ती रडली असती तरी चाललं असतं. मग ती अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली, "तो हितल्या सगळ्या नर्सांना सांगायचा. माझे पप्पा माझ्यासाठी रोज बिनतेलाचं खातात. मी शिकवलंय म्हणायचा. एका नर्सला त्यानं तुमचा फोटो दाखवला, वाडगा घेतलेला."

"नंदा..."

"त्याला कळलं नाय पाहिजे. जागा झाला तरी. आन् तुमी उद्या येऊ नका. मला तुमचं तोंड बघवायचं नाय." आणि फोन ठेवला.

रोहिदास फोन हातात धरून बसला. त्याला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. जे सांगितलं ते खोटं होतं, पण पुरतं खोटंही नव्हतं. वडे खाल्ले नव्हते एवढंच. आत जो बसला होता त्याने खाल्ले असते, खायला मिळाले असते तर आनंदाने खाल्ले असते. आता निदान नावाला एक माणूस सापडला होता, ज्याच्यावर सगळ्यांना बोट ठेवता येईल. वर बघितलं तेव्हा आई उभी राहिली होती. कापसाचा पेळू मांडीवरून खाली पडला होता. "वडं खाल्लंस?" ती म्हणाली. तिला नीट ऐकू येत नव्हतं, पण हे ऐकू आलं होतं.

त्याने पेळू उचलून देव्हाऱ्यापुढे ठेवला.

"मी हितं रोज देवाच्या तेलाची फोडणी करून त्या नळ्यांवर घालत व्हते," सोनाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली चालला होता. "मोहरी गाळून. तुला कळू दिलं नाय, तू डॉक्टरचं ऐकणारा. का घालत व्हते? तर ह्या घरात सुतकाचं ताट पडू नाय. माझ्या नातवाच्या वाटंला काय येऊ नाय. देवाचं तेल, त्यानं काय बाधत नाय. येवढं मी ह्या वयात करत व्हते, चोरासारखं. आन् तू? तू बाप ना रं त्याचा? तू भाईर जाऊन वडं खाल्लंस? पोराच्या जिवापरीस तुझी जीभ मोठी झाली?"

पदर खांद्यावरून उतरला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. रोहिदासने तिच्याकडे पाहिलं. वडे खाल्लेच नाहीत, जे गेलं ते तुझंच तेल, एवढ्या एका वाक्याचंच काम होतं. ते वाक्य अजून तिथेच होतं, तोंडात, आणि आता तर तिनेच अर्धं बोलून दिलं होतं.

"चुकलं, आई," तो म्हणाला.

"मला काय सांगतोस?" म्हातारी म्हणाली. "त्याला सांग."